सरदारचं सरळ नाक

मेंढ्याचं नाक सरळ करताना वर्धमानच्या मनाला एकदाही शंका शिवली नाही. बावीस वर्षं तो सांगलीत माणसांची नाकं सरळ करत आला होता. बसकी, फेंदारलेली, ऐन साखरपुड्याच्या दिवशी शेंड्यावर फोड आलेली, अशी कितीतरी नाकं त्याच्या माऊसखालून गेली होती. आजवर एकाही नाकाच्या मालकानं तक्रार केली नव्हती. मग मेंढा कशाला करेल?

‘स्वप्नरंग फोटो स्टुडिओ’त हल्ली फोटो काढायला फारसं कुणी यायचं नाही. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा. वर्धमानला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही, कारण त्याला दुसरंच वेड लागलं होतं. साध्या फोटोचं तैलचित्र करायचं. लोकांनी फोनवर काढलेला फोटो तो कॉम्प्युटरवर घ्यायचा, एक बटण दाबायचा, आणि पडद्यावर छोटं चक्र फिरू लागायचं. मग कडा हळूहळू विरघळायच्या. मागची भिंत धुक्यात जायची. उन्हाला मधाचा रंग चढायचा आणि गालांवर ब्रशचे फटकारे उमटायचे. त्या वेळी वर्धमान कुठं असायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. समोरचा चहा गार व्हायचा, साय धरायची, आणि बायको चंदनबाला तो कप उचलून दुसरा ठेवून जायची. तोही गार व्हायचा.

त्याची सगळ्यात आवडती कलाकृती काउंटरच्या मागं टांगलेली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं दोघांचं तैलचित्र. त्यात चंदनबालाच्या हनुवटीवरचा, लहानपणी झोक्यावरून पडल्याचा वण नव्हता. वर्धमानच्या डोक्यावर मात्र दाट, लाटालाटांचे केस होते, जे प्रत्यक्षात कधीच सोडून गेले होते. चंदनबाला त्या चित्राकडं बोट करून अधूनमधून विचारायची, “आवं, त्या बाईंना चहा विचारलासा का? सकाळधरनं बसल्यात.”

वर्धमान हसायचा आणि म्हणायचा, “अगं, ती तूच हैस.”

“मी न्हवं. माझी हनुवटी मला म्हाईत हाय.”

तर मंगळवारी सकाळी आकाराम स्टुडिओत आला, डोक्यावरचं पागोटं सावरत, अगदी उतरल्या चेहऱ्यानं. आकाराम आणि त्याची बायको हरणाबाई जतकडची मेंढपाळ माणसं. दिवाळी झाली की ती कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायची. दरवर्षी पंधरा दिवस त्यांची मेंढरं वर्धमानच्या रानात बसायची, रानाला खत मिळायचं, आणि दोन्ही घरांत येणंजाणं राहायचं.

“अण्णा, सरदार हरवला,” आकाराम म्हणाला आणि खुर्चीत न बसता उभाच राहिला.

सरदार म्हणजे कळपातला पुढचा मेंढा. माडग्याळी जातीचा, उंचापुरा, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक असलेला. रविवारी कुपवाडच्या रस्त्यानं कळप चरून परत येत असताना चहाच्या टपरीपाशी गर्दीत तो दिसेनासा झाला. दोन दिवस शोधूनही पत्ता नव्हता.

“शुक्रवारी आमाला म्होरं जायाचं हाय,” आकाराम म्हणाला. “तिकडचा मालक वाट बघतोय, तुमच्याबी रानात पेरणी हाय. पन सरदार म्होरं असल्याबगर कळप लांबच्या वाटंला पाऊल उचलत न्हाई. आन् म्हातारीनं दोन दिस भाकरीला हात लावला न्हाई. त्येची आई मेली तवा हिनंच त्येला बाटलीनं दूध पाजलंया.”

वर्धमानला फार वाईट वाटलं. तो मनानं चांगला होता, फक्त ते मन बऱ्याचदा जागेवर नसायचं. “फोटो हाय का?” त्यानं विचारलं.

आकारामनं फोन पुढं केला. फोटो आडवातिडवा होता. एका कोपऱ्यात आकारामचा अंगठा, मागं निळं पिंप, पिंपावर वाळत घातलेलं लुगडं, आणि मधोमध सरदार, नाक वाकडं आणि गळ्यात मळकट काळा दोरा. दोऱ्यात टवका उडालेली एक कवडी.

“ह्या फोटोवर कोण शोधणार, आकाराम? माणसं असलं काही बघतसुद्धा नाहीत. सरकवतात पुढं. मी असा करतो की बघणाऱ्याची नजर हलणार नाही.”

आणि तो बसला. आधी अंगठा गेला, मग पिंप, मग लुगडं. मागं हिरवी कुरणं आली, त्यांच्यावर पहाटेचं धुकं उतरलं. गळ्यातला दोरा घाण दिसत होता, तो त्यानं पुसला. नाक ओघाओघात सरळ झालं. बटण दाबलं, चक्र फिरलं, आणि पडद्यावर सोनेरी लोकरीचा एक मेंढा धुक्यातून असा काही चालत आला, की वर्धमानचा स्वतःचाच श्वास थांबला. वर आभाळात त्यानं ‘हरवला आहे’ अशी अक्षरं घातली. ती जरा भडक वाटली म्हणून त्यांनाही ढगांचा रंग दिला. खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि नंबर टाकला.

आकारामनं फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. चष्मा रानातल्या तळावर राहिला होता. “लय देखना झालाय, अण्णा,” तो भारावून म्हणाला. “सवर्गातनं आल्यावानी.”

वर्धमाननं चार ग्रुपवर टाकलेलं ते चित्र दुपारपर्यंत साऱ्या जिल्ह्यात पोचलं. वर्धमानचा अंदाज खरा ठरला, बघणाऱ्याची नजर हलेना. फोन सारखा वाजू लागला. पहिला फोन आला तसा वर्धमाननं तो झडप घालून उचलला.

“मेंढ्याच्या चित्रावर ह्यो नंबर हाय, तो तुमचाच न्हवं?” पलीकडून विचारणा झाली.

“हो, हो! दिसला का कुठं?”

“दिसला की. आमच्या भावकीच्या ग्रुपवर. आमच्या म्हशीचं असलं चित्र करून द्याल का?”

दुसरा फोन विट्याच्या एका माणसाचा होता. त्याचं सोनं गाळायचं दुकान दूर तमिळ मुलुखात होतं. त्यानं ते चित्र छापून दुकानात लावलंही होतं. “गावची आठवन येती बगा त्याच्याकडं बघितलं की,” तो म्हणाला. मिरजेच्या एका बाईंना तसाच मेंढा, पण तोंड डावीकडं केलेला हवा होता. बुधवारी सकाळी तर ढगांतल्या अक्षरांवर कुणीतरी ठळक लाल अक्षरांत ‘शुभ सकाळ’ घातलं, आणि सरदार गुलाबाच्या दोन फुलांसकट गावोगाव फिरू लागला. हजारो लोकांनी त्याला पाहिलं, पण त्याला शोधावं असं एकालाही वाटलं नाही.

तळावर हरणाबाईला आकारामनं चित्र दाखवलं. तिनं पाहिलं आणि फोन परत दिला. “ह्यो कुनाचा?” ती म्हणाली, आणि उठून मेंढरांकडं गेली.

गुरुवारी सकाळी साताऱ्याहून फोन आला.

“जय हिंद! रिटायर सुभेदार नानासो बोलतोय. आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर तुमचं पेंटिंग आलंय. एकदम फस्क्लास!”

“मेंढ्याचं?” वर्धमान सावरून बसला. “सापडला का?”

“कोन सापडला? मी म्हनतोय, माझ्याकडंबी एक मेंढा हाय, त्येचं तसं पेंटिंग पायजे. आता त्येचं असं झालं, मी म्हशींसाठी कुपवाडकडनं टेम्पोभर मका मागवला. रविवारी टेम्पो आला, फाळका खाली पाडला, तर मक्यात बसून ह्यो पठ्ठ्या आरामात चरतोय. डायव्हरला इचारलं, त्येला पत्ता न्हाई. म्हनला, वाटेत टपरीवर चहा प्यालो तेवढाच.”

वर्धमाननं समोरच्या पडद्याकडं पाहिलं. गेले दोन दिवस तो त्याच चित्राकडं बघत होता, आणि सरदार म्हटलं की आता त्याच्या डोळ्यांपुढं तेवढंच यायचं. तरी त्यानं आपलं कर्तव्य चोख बजावलं. “सुभेदारसाहेब, त्याचं नाक सरळ आहे का?”

“न्हाई. चांगलंच वाकडं हाय.”

“रंग सोनेरी?”

“मळका पांढरा.”

“मग तो नव्हे,” वर्धमान हळहळून म्हणाला. “आमचा एक हरवलाय, म्हणून विचारलं.”

“तुमचा लय देखना हाय वो, आमचा साधाच. पन चालतो रुबाबात. सकाळी माझ्यासंगं मैलभर फिरायला येतो. मंडळी गेल्यापास्नं एकटाच फिरत हुतो मी. म्हनलं कवा मालक येऊन घेऊन जाईल नेम न्हाई, चित्र तरी ऱ्हाऊ दे भिंतीवर.”

वर्धमानला भडभडून आलं. “पाठवा फोटो,” तो म्हणाला. “असं करून देतो की बघत राहाल.”

फोटो आला. नाक वाकडं, कान मळलेले, गळ्यात काळा दोरा. वर्धमाननं बाह्या सरसावल्या. मागचा गोठा काढला, तिथं अजिंक्यताऱ्याचा डोंगर आणून ठेवला, डोंगरावर संध्याकाळ उतरवली. आपण हे सगळं दोनच दिवसांपूर्वी केलं होतं असं त्याला अंधुकसं वाटत होतं, पण प्रत्येक चित्राच्या वेळी त्याला तसं वाटायचं. चंदनबालानं चहा ठेवला. चहावर साय धरू लागली.

तेवढ्यात हरणाबाई दारात आली. उद्या निघायचं होतं, कळप हलणार नव्हता, आणि खचून गेलेला आकाराम निरोप घ्यायला यायला तयार नव्हता म्हणून ती एकटीच आली होती.

“या मावशी, बसा,” चंदनबाला म्हणाली. “भाकरी खाल्लीसा का आज?”

“कुटली भाकरी, बाई,” म्हणत हरणाबाई बसायला लागली, आणि बसता बसता थांबली.

पडद्यावर वर्धमाननं नुकताच तो दोरा धरला होता. माऊस फिरत होता तसा मानेच्या उजव्या बाजूचा दोरा पुसला जात होता. आता तो कवडीकडं निघाला होता.

“थांब रं!” हरणाबाई ओरडली आणि काउंटर ओलांडून तिनं वर्धमानचा हात मनगटापाशी धरला. तिच्या हातात मेंढपाळ बाईचं बळ होतं, माऊस टेबलावरून खाली लोंबकळला. “माझा दोरा कशाला पुसतूयास?”

“मावशी, हा साताऱ्याचा मेंढा. दोरा घाण दिसतोय म्हणून...”

“साताऱ्याचा? त्येच्या मेल्याल्या आईची काळी लोकर वळून मी केलाय त्यो दोरा! नदर लागू ने म्हनून! ही कवडी माझ्या जात्यावर आपटून फुटली, दिसती का टवका उडाल्याली? ह्यो माझा सरदार हाय!”

वर्धमान पडद्याकडं पाहत राहिला. मग त्यानं आकारामचा मूळ फोटो उघडून शेजारी लावला. अंगठा, पिंप, लुगडं, वाकडं नाक, काळा दोरा, टवका उडालेली कवडी. मधल्या दोन दिवसांचं धुकं त्याच्या डोळ्यांवरून सरकत गेलं.

“मावशी,” तो पुटपुटला, “मी त्यांना सांगितलं, तो नव्हे म्हणून.”

“आता सांगा, त्योच हाय म्हनून,” चंदनबाला म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

सुभेदारांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी त्यांच्या मिशा दिसल्या, मग गोठा, मग सरदार, मका खात असलेला. हरणाबाईनं तोंडापाशी हात नेऊन “हुर्र्र, आ लेकरा” अशी हाक दिली. सरदारनं मक्यातून तोंड काढलं, फोनच्या मागं कुणी दडलंय का ते बघितलं, आणि असा काही बेंबाटला की फोन सुभेदारांच्या हातातून निसटला. बराच वेळ पडद्यावर नुसतं साताऱ्याचं निळं आभाळ दिसत होतं, आणि इकडं स्टुडिओत हरणाबाई पदरानं डोळे पुसत होती.

“वळख पटली,” आभाळातून सुभेदारांचा आवाज आला. “उद्या सकाळी मी सोता घेऊन येतो.”

शुक्रवारी ते आले, त्याच टेम्पोतून, सरदारच्या शेजारी मक्यावर बसून. तळावर कळपानं एकच गलका केला. हरणाबाईनं सरदारच्या गळ्यातला दोरा चाचपला, वाकड्या नाकावरून हात फिरवला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः भाकरी खाल्ली. दुसरी भाकरी तिनं सुभेदारांना वाढली. सुभेदारांनी वर्धमानला बजावलं, “माझं चित्र मला पायजेच. पन नाक हाय तसं ठेवा. माझ्यासंगं त्येच नाक फिरायचं.”

वर्धमान आकारामजवळ जाऊन खालच्या मानेनं म्हणाला, “ते माझं चित्र फोनमधनं पुसून टाक, आकाराम. त्यानंच सगळा घोळ केला.”

“न्हाई अण्णा, ऱ्हाऊ दे,” आकाराम म्हणाला. “ह्यो हरवायचा न्हाई.”

सरदार पुढं झाला, मागं कळप निघाला. धूळ उठली, तिच्यात कोवळं ऊन शिरलं, आणि मेंढरांच्या कडा विरघळत विरघळत दूर गेल्या. कुणी कुठलं बटण दाबलं नव्हतं. वर्धमान रानाच्या बांधावर बराच वेळ उभा होता.

स्टुडिओत आल्यावर त्यानं काउंटरमागचं तैलचित्र खाली उतरवलं. पंचविसाव्या वाढदिवसाचा मूळ फोटो शोधून काढला आणि दुपारभर बसून, ब्रशच्या एकेका फटकाऱ्यानं चंदनबालाच्या हनुवटीवर तो वण परत आणला. वण आल्याबरोबर चित्रातली बाई जणू त्याच्याकडं बघून हसली. पंचवीस वर्षांपूर्वी हा वण आपल्याला किती आवडला होता ते त्याला आठवलं, आणि तो पुसायची बुद्धी आपल्याला कशी झाली याचं फार वाईट वाटलं. चित्र छापून, फ्रेममध्ये बसवून, त्यानं चंदनबालाला हाक मारली.

ती कप घेऊन आली. चित्राकडं बघून थबकली. तिनं नकळत आपल्या हनुवटीला हात लावला आणि तिचे डोळे भरून आले.

“आले का मी परत?” ती हळूच म्हणाली.

“आलीस,” वर्धमान म्हणाला.

चंदनबालानं डोळे पुसले, कप त्याच्यापुढं ठेवला, आणि चित्रातल्या लाटालाटांच्या केसांकडं बोट दाखवत विचारलं, “आनि ह्या पावण्यांना कुनी चहा विचारायचा?”