कॅरिना मुळ्यांत शिरते

“बाबा, आता गाडी चालवणं पुरे,” हे वाक्य चिझुरुला तीन वर्षांत म्हणता आलं नव्हतं. सासरे गेन्झो एक्क्याऐंशी वर्षांचे, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची कोहारु, आणि गाडी कॅरिना, शेवटच्या पिढीतली. हिच्यानंतर कंपनीनं कॅरिना काढलीच नाही, म्हणून बाबा तिला जिवापाड जपत. अशा माणसाला सांगायचं तरी कसं?

त्या शनिवारी सकाळी मात्सुमोतो शहरातल्या भाजीच्या दुकानाच्या आवारात बाबा नेहमीसारखे गाडी उलटी लावत होते. शेजारी एक ट्रकही मागे येत होता आणि पहारेकरी त्याला हात करून ओरडत होता, “ओराई! ओराई!” येऊ द्या, येऊ द्या.

“किती सज्जन माणूस,” म्हणत बाबा मागे जातच राहिले.

“बाबा, तो ट्रकला सांगतोय!”

“अगं, एवढा घसा फोडून बोलावतोय. थांबलो तर बरं दिसेल का?”

धप्प! लोणच्यासाठी रचलेला मुळ्यांचा ढीग कोसळला. माफी मागायला बाबा बसल्या जागी वाकले, ते थेट हॉर्नवर. ट्रकवाल्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. तो उतरून वाकला. पहारेकरी वाकला. दुकानदारीणबाई मुळे सोडून वाकल्या. एवढे लोक वाकल्यावर बाबांना पुन्हा वाकणं भागच होतं. पुन्हा हॉर्न.

“आजोबा, अजून एकदा!” कोहारु टाळ्या पिटत होती.

“बाबा, आधी खाली उतरा, मग वाका!”

कॅरिनाला ओरखडाही नव्हता. मोडलेले सगळे मुळे विकत घेऊन दोघं कठड्यावर टेकले.

“बाबा, रागावू नका, पण गाडी...”

“सोडू?” बाबांनी घाईघाईनं विचारलं.

“तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाईट? तीन वर्षं वाट बघतोय, कुणी म्हणतंय का! डावीकडचं धड दिसत नाही मला. पण तू गाडी चालवत नाहीस, परवाना नुसता पडलाय कपाटात. म्हटलं, मी सोडली तर पोरीला बालवाडीत कोण नेणार?”

“आणि मला वाटलं, तुमचा जीव आहे गाडीत!”

“आहे ना! म्हणूनच तर भीती वाटते.”

किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवली. संध्याकाळी नवरा येऊन गाडी नेणार होता. मुळ्यांचे गठ्ठे सावरत तिघं बसमध्ये बसले. चिझुरुनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

पहिल्याच वळणावर समोरून सायकल आली. चिझुरुनं उजवा पाय जमिनीवर गच्च दाबला. शेजारी बघितलं, तर बाबांचाही पाय तसाच दाबलेला.

बस थांबली.

“छान लागला हो ब्रेक,” बाबा म्हणाले.