पाच बेचाळीसचा प्रतिध्वनी

तारुंग खिंडीतल्या हॉटेलच्या सज्जातून हाक मारली, तर तिचा प्रतिध्वनी यायला एकतीस वर्षं लागतात. दरी रुंद आहे आणि पलीकडे एकामागे एक सात डोंगररांगा आहेत. आवाजाला जाऊन यायला तेवढा वेळ लागणारच. हॉटेलवाले पाहुण्यांना हे आधीच सांगतात, वहीत नाव-पत्ता लिहून घेतात, आणि वेळ जवळ आली की पोस्टकार्ड टाकतात.

कराडच्या उज्ज्वला तारळेकरांना असं कार्ड फेब्रुवारीत आलं. पत्ता सासरच्या जुन्या घराचा होता, पण पोस्टमन ओळखीचा असल्यामुळे ते नव्या घरी पोचलं. ‘आपण सतरा मे एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी दिलेला आवाज येत्या सतरा मे रोजी सायंकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी परत येत आहे. स्वतः हजर राहावे. गरम कपडे आणावेत.’

उज्ज्वलाताईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. संध्याकाळी त्यांचे यजमान श्रीनिवासराव पाणी काढायला गेले, तेव्हा त्यांना ते दिसलं.

“जाऊन ये,” ते म्हणाले. “मला काही डॉक्टर एवढ्या उंचीवर सोडायचा नाही. आणि मी तेव्हा ऐकलंय. सानिकाला घेऊन जा. तिनं कुठं ऐकलंय?”

सानिका ही त्यांची मुलगी, चोवीस वर्षांची. ती चार वर्षांची असताना उज्ज्वलाताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे अगदीच गेला असं नाही. घोगरा झाला, वरच्या पट्टीत जाईना, वाक्य लांबलं की मध्येच तुटे. त्याआधी त्या कन्याशाळेत गाणं शिकवत. नंतर शाळेने त्यांना ग्रंथालयात बसवलं. तिथे तसंही हळूच बोलायचं असतं. घरात त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट होती, तिच्यावर धाकट्या दिराने क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली. सानिका लहानपणी “आई, गाणं म्हण” म्हणून हट्ट धरायची, तेव्हा उज्ज्वलाताई तिला गोष्ट सांगत. पुढे तिने हट्ट सोडला.

मायलेकी सोळा तारखेला खालच्या गावात पोचल्या आणि सतराला सकाळी जीपने निघाल्या. सहा तासांचा रस्ता. झाडं संपली, मग झुडपं संपली, मग नुसते दगड राहिले. तेरा हजार चारशे फुटांवर पत्र्याच्या हिरव्या छपराचं हॉटेल दिसलं, तेव्हा उज्ज्वलाताई म्हणाल्या, “छप्पर लाल होतं.” पाच पावलं चाललं की धाप लागत होती. बाजूच्या भिंतीवर याकच्या शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या होत्या, त्या मात्र तशाच होत्या.

मॅनेजर नेगी साठीचे होते. त्यांना मराठी येत होतं. ते सगळं टूरवाल्यांच्या तोंडून ऐकून शिकलेलं असल्यामुळे त्यात घाई फार होती.

“चला चला, बसा,” ते म्हणाले. “लसणाचं सूप घ्या. आधी सूप, मग फॉर्म. उशीर करू नका.”

सूप झाल्यावर त्यांनी एक जुनी वही काढली आणि बोट फिरवत नोंद शोधली. “तारळेकर, उज्ज्वला श्रीनिवास. आवाजाचा प्रकार, गाणं. कालावधी, चाळीस सेकंद. बोला आता काहीतरी. आवाज जुळवावा लागतो.”

“काय बोलू?” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

नेगींनी पेन खाली ठेवलं. “आवाज जुळत नाही, मॅडम. इथं लिहिलंय, ‘गोड, वरचा.’ माझ्या वडिलांच्या हातची नोंद आहे. ते उगाच गोड लिहायचे नाहीत.”

“अहो, त्यांचं ऑपरेशन झालंय,” सानिका म्हणाली. “वीस वर्षं झाली. आवाज कसा जुळेल?”

“मला पटतं. पण दुसऱ्याचा प्रतिध्वनी भलत्याच माणसाला गेला तर तो परत करता येत नाही.”

शेवटी सही जुळवायची ठरली. उज्ज्वलाताईंनी कोऱ्या कागदावर सही केली. नेगींनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही सह्या जवळून पाहिल्या. ‘उ’चा फाटा जिथे तेव्हा वळला होता, तिथेच आजही वळला होता.

“सही जुळते,” ते म्हणाले. “सही बदलली नाही, हे बरं केलंत.”

तेवढ्यात दार ढकलून एक उंच गृहस्थ आत आले आणि धाप टाकत बाकावर बसले. त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. यशवंत ढोमणे, यवतमाळ. पाच वाजून बेचाळीस मिनिटं.

नेगींनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. त्यांचा चेहरा गंभीर झाला. “एका वेळेला सज्जा एकाच कुटुंबाला मिळतो. नियम आहे.”

“मंग मी कुठं जाऊ?” ढोमणे म्हणाले. “माहा बाप येऊन राह्यला ना तिथं.”

“वडील येणार नाहीत. वडिलांचा आवाज येणार आहे.”

“तेच म्हनतो मी.”

त्यांनी सांगितलं ते असं. ते बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना इथे आणलं होतं. वडील एसटीत कंडक्टर होते; दुसऱ्याची गाडी कशी चालते ते पाहायला म्हणून ते रजा काढून लांबलांबच्या बसने फिरत. इथे त्यांनी सज्जातून पोराला काहीतरी ओरडून सांगितलं. पोरगा खाली दगडांत खेळत होता, त्याने ऐकलं नाही. वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली. “काय म्हनलं होतं, ते मी कधी इचारलंच नाही. कार्ड आलं तवा समजलं, का काही म्हनलं होतं.”

“तुम्ही उद्या ऐका,” नेगी म्हणाले.

“उद्या येईल का?”

“उद्या दुसऱ्यांचे येतील.”

उज्ज्वलाताई हळू, तुटक बोलल्या, त्यामुळे सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. “तेव्हा यांचे वडील आणि मी एकाच वेळी एकाच सज्जात होतो. मग आता काय अडचण? दोघं बसू.”

“नियमात बसत नाही, मॅडम.”

“बाकावर बसतो ना?”

नेगींनी बाहेर जाऊन बाक पाहिला. तो चार माणसांचा होता. परत येऊन त्यांनी वहीत दोन्ही नावांभोवती एक कंस काढला आणि शेजारी लिहिलं, ‘एकत्र. परस्पर संमतीने.’

पावणेपाचला धुकं आलं. आधी सातवी रांग दिसेनाशी झाली, मग सहावी. नेगी सज्जात येऊन उभे राहिले आणि ओलं बोट हवेत धरून त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला.

“धुक्यात आवाज अडकतो,” ते म्हणाले. “अडकला की मागं फिरतो.”

“मग पुन्हा कधी येतो?” सानिकाने विचारलं.

“आणखी एकतीस वर्षांनी.”

सानिकाने मनात हिशेब केला आणि आईकडे पाहिलं. उज्ज्वलाताई शाल घट्ट धरून समोर बघत होत्या. एकतीस वर्षांपूर्वी त्या इथे गायल्या, तेव्हा त्यांच्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. श्रीनिवासराव चहाचे दोन पेले घेऊन दारात उभे होते, आणि पुढे जाऊन द्यावेत की गाणं संपू द्यावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. चहा गार झाला होता. गार चहा पिताना ते म्हणाले होते, “तू घरीपण असं म्हणत जा.” त्यावर उज्ज्वला म्हणाली होती, “सासूबाई झोपतात दुपारच्या.” मग दुपारी सोडून इतर वेळी ती म्हणत असे. कणीक मळताना, दोरीवर कपडे घालताना. ती एवढी वर्षं गायली होती आणि कुणी ते साठवून ठेवायचा विचार केला नव्हता. रोजच तर होतं.

साडेपाचला चौथी रांग गेली. वाट पाहताना दरीतून इतर आवाज येत होते. ते बेवारस होते. कुणाला पत्ता बदलल्यामुळे कार्ड पोचलं नव्हतं, कुणी आलंच नव्हतं. एका बाईचा आवाज आला, “गॅस बंद केलावता का हो निघताना?” ऐकणारं कुणी नव्हतं. नेगींनी कठड्यावरून वाकून शांतपणे उत्तर दिलं, “केला होता.” मग वहीत बरोबरची खूण केली. मराठी ते अशा बायांसाठी शिकले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. उत्तर न देता आत जाणं त्यांना बरं वाटत नसे.

पाच एक्केचाळीसला नेगींनी हात वर केला. बेचाळीस झाले. काहीच आलं नाही. ढोमण्यांनी डोळे मिटून घेतले होते. सानिकाने आईचा हात धरला. धुक्यात काहीतरी हललं, जसं भिंतीपलीकडे कुणी कपाट सरकवावं, आणि मग मधूनच, स्वच्छ, जवळ, एका तरुण मुलीचा आवाज आला:

‘...दिव्याच्या उजेडात कोण वाट पाहतं गं...’

आवाज वर चढला, वर गेल्यावर तिथे जरा थांबला, आजूबाजूला बघून घेतल्यासारखा, आणि कुठलीही घाई न करता खाली उतरला. सानिका आईकडे बघत होती, मग दरीकडे, मग पुन्हा आईकडे. उज्ज्वलाताईंचे ओठ मिटलेले होते. तीच ओळ पुन्हा सुरू झाली आणि तिच्या ऐन मध्यात एक जाड, मोठा, पुरुषी आवाज घुसला:

‘अबे यशवंता! मफलर गुंडाय कानाले! सर्दी झाली त मले सांगजो नोको!’

गाणं थांबलं. मग ती मुलगी हसायला लागली. हसू आवरेना तिला. थांबायची, पुन्हा फुटायची. तिच्याबरोबर तो जाड आवाजही हसायला लागला, ‘माफ करजो बरं ताई, पोरगं ऐकत नाही.’ आणि दोघांचं हसणं एकत्र येत येत धुक्यात विरून गेलं.

चाळीस सेकंद झाले होते. नेगींनी हात खाली केला.

यशवंत ढोमणे उठून कठड्याशी गेले. खिशातला मोठा रुमाल काढून त्यांनी तो कानांवरून घेतला, हनुवटीखाली गाठ मारली, आणि तसेच दरीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. कुणी त्यांना आत बोलावलं नाही.

“पहिली ओळ अडकली,” नेगी वहीत लिहीत म्हणाले. “बाकी पोचलं. इथं सही करा. दोघांनी.”

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. उबेसाठी गोवऱ्यांची बुखारी पेटवली होती, तिच्याभोवती ओले मोजे वाळत होते. सानिकाने एकदाच विचारलं, “तू इतकी हसायचीस?” उज्ज्वलाताई म्हणाल्या, “हसायचे की.” मग जड रजयांखाली दोघी लवकर झोपल्या. उंचीमुळे सानिकाचं डोकं दुखत होतं. उज्ज्वलाताईंनी अंधारात तिच्या कपाळाला बाम चोळला.

सकाळी आकाश लख्ख होतं. सातही रांगा दिसत होत्या. जीप नऊला निघणार होती. जेवणघरात स्वयंपाकीणबाई तव्यावर जाड रोट्या भाजत होत्या आणि एकाच लांब टेबलावर सगळे बसले होते. ढोमण्यांना रात्री थोडी सर्दी झाली होती. ते मिठाच्या चहात रोटी बुडवून खात होते.

“ताई,” ते म्हणाले, “माह्या बापानं तुमचं गानं तोडलं. त्याची मी माफी मागतो.”

“छान तोडलं,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

“गानं कोनाचं व्हय ते?”

“मैत्रिणीनं केलेलं. कॉलेजात. कुठं छापलं नाही.”

सानिका चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. “आई,” ती म्हणाली, “त्याची पहिली ओळ काय होती?”

उज्ज्वलाताईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ओळ त्यांना आठवत होती. ती चालीशिवाय सांगता येईना, एवढंच. सांगून पाहिली तर नुसते शब्द होत होते. त्यात काही नव्हतं. त्यांनी घोटभर गरम पाणी घेतलं. ढोमणे चावायचे थांबले.

मग त्यांनी ती म्हटली. खालच्या पट्टीत, घोगऱ्या, मध्येच फाटणाऱ्या आवाजात:

‘डोंगराच्या पल्याड कोण दिवा लावतं गं...’

वरची जागा आली तेव्हा आवाज तिथे गेला नाही. त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि ती जागा सोडून पुढच्या सुरावर उतरल्या. सानिकाने डोळे पुसले नाहीत. ती म्हणाली, “परत.”

स्वयंपाकीणबाईंनी तव्याखालची आच कमी केली. नेगींनी बाहेर जाऊन जीपवाल्याला दहा वाजता निघायला सांगितलं, आणि आत येऊन, काही न लिहिता, बाकाच्या टोकाला बसले.