कुरवंड्याच्या खाचरातला महासरडा

ज्ञान चवीला कडू असतं, म्हणून ते सहकुटुंब आणि डब्यासह घ्यावं, हे आता सर्व सुधारलेल्या देशांत मान्य झालं आहे. याच उदात्त हेतूनं १९३८च्या चैत्रात पुण्याच्या एका मंडळीनं कुरवंड्यात डायनोसॉरवर (म्हणजे फार मोठा आणि फार पूर्वी मेलेला सरडा) शैक्षणिक बोलपट काढायला घेतला. कुरवंडंच का, याला शास्त्रीय कारणं तीन: लोणावळ्याला आगगाडी थांबते, हवा थंड असते, आणि डायरेक्टर अनंतरावांच्या मेहुण्याचा बंगला तिथं रिकामा होता.

खणायला गावातल्या भिमाजीचं भातखाचर पसंत पडलं. गड्याला खाचर ते एवढंच. तो राब भाजायच्या, म्हणजे रोपासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजायच्या, तयारीत होता. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर शिजवायचं काय, कपाळ? "पावसाच्या आत खड्डा बुजवून देतो," अनंतराव म्हणाले. चष्मेवाल्याचा शब्द! भिमाजी "व्हय" म्हणून बसला.

मंडळीनं एक खरा प्रोफेसरही आणला होता. त्यानं खडकावर दोनदा हातोडी मारून सांगितलं, "हा लाव्हाचा दगड. यात हाडं सापडणं शक्य नाही." हे विधान मुलांचा हिरमोड करणारं असल्यानं कापण्यात आलं. (प्रोफेसर ठेवला. त्याची टोपी पडद्यावर छान दिसत होती.) हाडं शोधणारा माणूस सहा-सहा महिने उकिडवा बसून ब्रशानं माती झाडतो, असंही तो म्हणाला. एवढा वेळ कुठलं कुटुंब बसणार? ते काम पंचेचाळीस सेकंदांत उरकलं.

हाडं मग लोणावळ्याच्या हौशीराम मूर्तिकाराकडून शाडूची करून घेतली आणि खाचरातल्या खड्ड्यात मांडली. हौशीरामानं उभ्या जन्मात गणपतीखेरीज काही घडवलं नव्हतं. त्यामुळे सांगाड्याला थोडं पोट आलं (सांगाड्याला!), मुद्रा प्रसन्न झाली आणि उजवा पंजा आशीर्वादाला उठला. अनंतराव खूश. मुलं घाबरण्याचा प्रश्नच मिटला.

बोलपट तळेगावात तंबूत लागला. शंभरातले अठ्ठ्याण्णव प्रेक्षक तृप्त झाले. उरलेले दोघे झोपले होते. पुढच्या रविवारपासून कुटुंबंच्या कुटुंबं खाचरावर लोटली. कुणीतरी पंजावर जास्वंद ठेवलं.

भिमाजीनं अनंतरावांना बंगल्यावर गाठलं. "सायेब, मिरगाला पंधरा दिस ऱ्हायलं. बुजवा की आता."

"अरे, तो आता राष्ट्राचा ठेवा आहे!"

"आन् माजं भात?"

"तुम्हा लोकांना शास्त्राची गोडीच नाही बघ."

भिमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी येऊन तो कस्तुराबाईला म्हणाला, "गप ऱ्हा. शाडूच त्यो. पान्यात इरघळंल, मग आपुन हाईच." बायकोलाही ते पटलं. शेजारच्या खाचरात ओंजळभर बी टाकून रोप करायची परवानगी तिनं मागून ठेवली.

तेवढ्यात महासरडा संरक्षण समिती स्थापन झाली. तीत दोन वकील, एक डॉक्टर आणि एक निवृत्त स्टेशनमास्तर होते. हाडं ओळखणारा कुणी घेतला नाही (निःपक्षपातीपणा राहावा म्हणून). समितीनं कुंपण घातलं आणि पाऊस यायच्या आदल्या दिवशी वर पत्र्याचं छप्पर चढवलं. सरकारी काम असतं तर वेळेवर झालं नसतं. हे लोकांच्या उत्साहातून झालं.

त्या साली मावळात भात कमरेएवढं आलं. भिमाजीच्या खाचरात सरडा कोरडा ठणठणीत बसला होता. कस्तुराबाई लोकांच्या लावणीला गेली आणि तिथंच बांधावर बसून रडली.

भिमाजी रोज कुंपणाशी उभा राहायचा आणि येईल त्याला हात जोडून सांगायचा, "दादा, ह्ये खोटं हाय. शाडूचं हाय. हितं माजं भात व्हायचं."

तुम्हीही तेव्हा मुलांना घेऊन गेला होतात. तो माणूस आठवतो ना? त्या सबंध जागेत खरं बोलणारा तो एकटाच होता. तुम्ही त्याचं पुरतं ऐकून घेतलंत, आणि म्हणालात, "जरा बाजूला व्हा हो, मुलांना दिसत नाहीये."