बोरगावी माळ लुकलुकली, त्या मोहिमेची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मास, गुरुवार, सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे. बोरगावी जिनपालआप्पांच्या मंगल कार्यालयात छताखालची एलईडीची माळ तीनदा लुकलुकली आणि विझली. खाली कार्यालय पाहण्यास आलेली वरपक्षाची मंडळी बसली होती.

यश देणारा धनी समर्थ. लिहिणाराने पदरचे घालू नये, म्हणून वर्तमान मुळापासून लिहिले असे.

शहरालगतच्या अनगोळ मुक्कामी रूपाली आणि सन्मती यांची दिवे जोडण्याची भागीतली कार्यशाळा. रूपाली तेथल्याच शेतकरी घराण्यातली, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. सन्मती आप्पांचा थोरला चिरंजीव, बापाचे खताचे दुकान टाकून दिव्यांच्या नादी लागलेला. त्याची थोरली बहीण दिव्या, तिचे लग्न रविवारी, आणि सायंकाळी स्वागत समारंभ, म्हणून कार्यालय उजळण्याची कामगिरी या दोघांकडे आली. मग रूपालीने सारे दिवे एकाच रांगेत, एकाचा हात दुसऱ्याच्या हाती, असे उभे केले. कारण अशा माळेत सर्वांस प्रवाह सारखाच मिळतो आणि उजेडात पंक्तिप्रपंच होत नाही. एवढी लांब फौज पोसण्यास दोनशे चाळीस व्होल्टची रसद लागे, आणि ती मोजून देणारा कारभारी म्हणजे ड्रायव्हर नावाच्या वीजपेटीतली कंट्रोलर चिप. नेमला तो बक जातीचा. हा चढा दाब उतरवून देण्यात वस्ताद. पण येणारा दाबच कमी पडला तर पदरचे काही घालत नाही. तारेतली उलटसुलट वाहणारी वीज सरळ करून घेतली की तीनशेच्या वर भरे, तेव्हा चिंता कसली?

चाचणीच्या स्वाऱ्या बोरगावीच झाल्या. परंतु आप्पांच्या घरी सूर्य मावळण्याआधी जेवण उरकण्याचा नेम, आणि सन्मतीच्या मातोश्री शालनआक्का यांचा हुकूम असा की, काय पेटवायचे ते चार वाजता पेटवा आणि पानावर बसा. मग माळ लख्ख पेटे, आमरस होई, आणि रूपाली उजेडीच निपाणीची बस धरी. बोरगावची तिन्हीसांज तिने पाहिलीच नव्हती. गुरुवारी पाहिली.

आप्पा उठून म्हणाले, "लेका, ही माळ हाय का पाव्हण्यांस्नी डोळा मारतीया?"

आणि फर्मान सुटले की, रविवारी माळ पुन्हा लुकलुकेल तर सोमवारी कार्यशाळेस कुलूप, आणि चिरंजीवांनी खताच्या दुकानी गादीवर बसावे. भागीदार गेला तर एकट्या रूपालीस कार्यशाळा निभणे नव्हते.

"चार वाजता ठीक असते, मग आता काय झालं?" तिने सन्मतीस विचारले.

"शेतीची थ्रीफेज आली न्हवं. सगळ्या मळ्यातले पंप एकदम उठले, दाब बसला. ह्या वक्ताला आमचा फ्रिज बी कण्हतो."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"ह्यात सांगण्यासारखं काय हाय? रोजचंच हाय की!"

शुक्रवारी अनगोळी मसलत बसली. बूस्ट जातीच्या कारभाऱ्याचे नाव निघाले. तो पडता दाब चढवतो खरा, परंतु भर दुपारी दाब आधीच चढा असता त्यास आवरता येत नाही, फौज जाळून मोकळा होईल, म्हणून बाद. मग रूपालीने माळ तोडून दोन कराव्या, अर्ध्या माळेस अर्धीच रसद पुरते, आणि बकच ठेवावा, अशी तजवीज मांडली. सन्मतीने हात जोडले.

"नको गं. नवरीकडं लख्ख नि नवऱ्याकडं मंद झालं, तर ताईला जन्मभर ऐकवतील."

"फरक पडलाच तर डोळ्याला दिसायचा नाही रं."

"आमच्या सोयऱ्यांस्नी ताटातला अर्धा लाडू कमी पडलेला लांबून दिसतो!"

तीही तजवीज बाद झाली. उरला बक-बूस्ट, चढवणाराही आणि उतरवणाराही. तो तापतो आणि त्याच्या दिमतीस दांडगे सुटे भाग लागतात, म्हणून तिनेच आरंभी त्यास उधळ्या ठरवून परत धाडले होते. आता सन्मानाने बोलावणे गेले, आणि ती रात्रंदिवस तारांस कथलाचे डाख लावीत बसली.

शनिवारी शालनआक्कांनी रूपालीस पाचलाच जेवू घातले आणि मुक्कामाचा हुकूम केला. सूर्य मावळला. थ्रीफेज आली, मळ्यांतून पंप गरजले, मीटरचा काटा घसरला, घरात फ्रिज कण्हला. आणि माळ लख्ख उभी राहिली, पापणीही न लवता. रूपालीने ड्रायव्हरच्या पाठीस हात लावला. तापला होता, चटका बसावा इतका नव्हे. येणेप्रमाणे बोरगावची लढाई फत्ते जाहली, बक-बूस्ट याकडे माळेचा कारभार कायम झाला, हे दप्तरी नोंदले असे.

आप्पा माळेखाली खुर्ची टाकून बसले आणि वर पाहत राहिले. मग उठून त्यांनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बोट केले, सन्मतीकडे पाहिले, आणि चालते झाले. त्या भिंतीवर दुसरी माळ हवी, म्हणजे कार्यशाळेचे कुलूप टळले, की तेथले जळमट काढायचे, याचा उलगडा हे लिहीपर्यंत झाला नाही. सन्मती शिडी घेऊन उभा आहे.