लोपीसांचं बारावं प्रकरण

इनास लोपीस यांना ‘कसे आहात’ असं विचारायची सोय नव्हती. ‘बरा आहे’ एवढं म्हणून ते थेट आपल्या गावच्या देवळाच्या पायावर यायचे. पायावरून भिंतींवर, भिंतींवरून छपरावर, मग ते छप्पर वादळात उडायचं, आणि ते पुन्हा घालून होईपर्यंत माझं दूध उतू गेलेलं असायचं.

देऊळ म्हणजे चर्च. वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात, हे मला पुण्याच्या मुलीला त्यांच्याकडूनच कळलं. मी एकदा ‘तुमचं चर्च’ म्हणाले, तर ते म्हणाले, “चर्च साहेबांचं, वहिनी. आमचं देऊळ.” गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. तिथे या प्रकरणावरून अजून दोन तट आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आमच्या ह्यांची कस्टममध्ये कलकत्त्याला बदली झाली आणि खिदिरपूरला एका घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही बिऱ्हाड थाटलं. वरच्या खोलीत लोपीस एकटे राहायचे. बायको, रेजिना, गावी. ते गोदीत जहाजांवरचा माल तपासायचे आणि उरलेला सगळा वेळ देवळाचा इतिहास सांगायचे. “हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो,” अशी सुरुवात. चुन्यात घालायला गूळ कोणत्या कोळणीनं दिला, घंटा ओढायला कुणाचे बैल होते, सगळं तोंडपाठ. खिदिरपूरच्या बाजारातल्या मासेवाल्यालाही त्यांनी आपल्या मोडक्या बंगालीत हे सांगितलं होतं. लोपीस दिसले की तो काही न बोलता चांगलासा मासा काढून त्यांच्या पिशवीत टाकायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

एकदा ह्यांच्या ऑफिसातल्या घोषालबाबूंनी आम्हा तिघांना बागबाजारला चहाला बोलावलं. मराठ्यांच्या भीतीनं शहराभोवती खणलेला खंदक तिथून सुरू व्हायचा. तो केव्हाच बुजला, पण घोषालबाबूंच्या डोक्यातला बुजला नव्हता. संदेश मिठाईची बशी पुढे करत ते म्हणाले, “ये तो आप ही लोग के लिए खोदा था.” आम्ही हसलो. लोपीस हसले नाहीत. म्हणाले, “मेरेको मत बोलो, बाबू. पेशवा का फौज हमारा देऊल का घंटा ले गया. आपको खड्डा खोदने का टाइम तो मिला.” घोषालबाबूंनी त्यांचा हात हातात घेतला. मग दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू फौज मीच पाठवली होती. पेशव्यांचे जातभाई असलेल्या दामल्यांच्या घरात पडल्याचा मला एवढा पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

असा हा इतिहास त्यांनी बारा प्रकरणांत लिहून काढला. देवळाच्या वर्धापनाला गावचे फादर पुस्तक छापणार होते. लोपीसांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून मुद्रणप्रत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुपारी मी स्वयंपाकघरात पाट मांडून लिहायची आणि ते उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून पहारा करायचे. एका ठिकाणी अकरा सुतारांची नावं होती. मी तीन लिहिली आणि पुढे ‘इत्यादी’ टाकलं. ते म्हणाले, “इत्यादी म्हणजे कोण? त्याला घरदार नव्हतं?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अकराही नावं लिहिली तेव्हा बोलले.

अकरा प्रकरणं झाली आणि, लोपीसांनी आधीच कळवलेला बाराही प्रकरणांचा गोषवारा वाचून, फादरांचं पत्र आलं. पत्र गोड होतं. पुस्तक छापू, पण बारावं प्रकरण गाळावं, देवळाच्या आनंदाच्या प्रसंगी ते शोभणार नाही, असं त्यात होतं. लोपीसांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “छापलं तर बारा. नाहीतर एकही नाही.”

बारावं प्रकरण मी तोवर वाचलं नव्हतं. त्याचं नाव होतं ‘कुंपणाबाहेर’. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेली मुलं देवळाच्या दफनभूमीत पुरत नसत. भिंतीपलीकडे, शेवग्याच्या झाडांखाली पुरत. देवळाच्या वहीत त्यांची नोंद होत नसे. लोपीसांनी घरोघर विचारून, म्हाताऱ्या सुइणींना बोलतं करून ती नोंद केली होती. कैतान कोळ्याचा मुलगा. पेद्रू सुताराच्या जुळ्या मुली. अशी चार पानं.

मला वाईट वाटलं, पण माझा स्वभाव हिशेबी. म्हटलं, “लोपीस, चार पानांसाठी सगळं पुस्तक घालवता? अकरा प्रकरणं तरी लोक वाचतील. जरा हट्ट सोडा.”

मी रागानं पानं उलटत शेवटच्या ओळीवर आले. तिथे लिहिलं होतं, इनास लोपीस याची मुलगी.

लोपीस अंगणाकडे बघत होते.

“बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, वहिनी,” ते म्हणाले. “जीव जात असेल तर सुईणही देऊ शकते. पाणी ओतायचं आणि चार शब्द म्हणायचे. मला लहानपणापासून पाठ होतं. घरात हंडाभर पाणी होतं. सुईण म्हणाली, उरक. पण मी नियमाचा माणूस. फादर गावात असताना आपण कसा हात लावायचा? मी सायकल काढली आणि देवळाकडे गेलो. फादरांना घेऊन आलो तोवर झालं होतं.”

पुण्याला आमच्याकडे सोवळ्याओवळ्याच्या नियमांपायी काय काय झालं ते मला ठाऊक होतं. मघाशी मी हट्ट म्हणाले याची मला लाज वाटली. मी टाक उचलून विचारलं, “नाव काय लिहू?”

“नाव बाप्तिस्म्यालाच ठेवतात,” ते म्हणाले. “तिला नाव नाही.” मग थांबून म्हणाले, “मी आणि रेजिना तिला बाय म्हणतो.”

म्हणायचो असं नाही, म्हणतो. मी ‘बाय’ लिहिलं.

मग मी कोरा कागद घेतला आणि म्हटलं, “सांगा, फादरांना काय लिहायचं ते.” त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. बारावं प्रकरण गाळणार नाही. एक ओळही नाही. तुम्ही छापणार नसाल तर सणाच्या दिवशी देवळातली मिस्साची प्रार्थना सुटल्यावर मी भिंतीपलीकडे उभा राहून ते मोठ्यानं वाचेन. ज्यांना ऐकायचं ते येतील. ‘मोठ्यानं’च्या आधी ‘खूप’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. एरवी एक काना बदलू न देणाऱ्या लोपीसांनी तो तसाच राहू दिला.

खाली मी त्यांचं नाव लिहायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून टाक घेतला. सही मी करतो, म्हणाले. त्यांना फार वेळ लागला. अक्षर नेहमीसारखंच वेडंवाकडं होतं, पण मला ते पहिल्यांदाच एका दमात वाचता आलं.

‘इनास लोपीस, बायचा बाप.’