सामंत बाई आणि ऑफर लेटरचं शेवटचं पान

सामंत बाई गेली अकरा वर्षं आमच्या घरी येतायत, पण त्यांना आमच्याकडे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बेल वाजते. मी दार उघडायच्या आत सेफ्टी डोअरच्या जाळीतून आवाज येतो, "बसत नाही हं, निघालेच." मग एक पाय चपलेत आणि एक पाय आमच्या पायपुसण्यावर ठेवून बाई तासभर बोलतात. खुर्ची पुढे केली की रागावतात. चहासुद्धा उभ्यानेच पितात. हातात कायम एक स्टीलची वाटी असते, आमचीच, परत करायला आणलेली. जाताना ती परत घेऊन जातात.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, आम्ही दुसऱ्यावर.

गेल्या डिसेंबरात आमच्या गार्गीला बंगलोरकडच्या एका खाजगी विद्यापीठाची ऑफर आली. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, आणि ॲडमिशन डिसेंबरात! आमच्या वेळी आधी मार्क, मग रांगा, मग रडारड असा क्रम होता. मी हरखून ते पत्र प्रिंट केलं, पेढे आणले, सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकून मोकळा झालो.

बाई आल्या. दारात उभ्या राहून एका हातात पेढा, दुसऱ्या हातात पत्र, अशी त्यांनी चारही पानं वाचली. आम्ही फक्त पहिलं वाचलं होतं. त्यात अभिनंदन होतं.

"हे वाचलंत?" बाईंनी चौथ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारावीला पंच्याहत्तर टक्के मिळाले नाहीत तर प्रवेश रद्द, असं तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं. बाईंनी पेढा माझ्या हातात परत दिला. "अभिनंदन सगळेच वाचतात हो. शेवटचं पान कोण वाचणार? हा पेढा मे महिन्यात घेईन. निघालेच."

निघाल्या कसल्या! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी साडेसहाला बेल वाजू लागली.

गार्गीने एव्हाना पुस्तकं पलंगाखाली सरकवली होती आणि ती हॉस्टेलसाठी चादरी निवडत होती. कॉलेजात जायचं बंद. "बाबा, अर्धा वर्ग येत नाही. ऑफरवाले सगळे चिल आहेत." बिनऑफरवाल्यांची गंमत वेगळीच. पहिल्या मजल्यावरची रिया तिची बालमैत्रीण, तिला कुठूनच काही आलं नव्हतं. ती दर दहा मिनिटांनी मोबाईलवर मेल बघायची आणि आमच्याकडे यायची बंद झाली होती. बाई तिच्याही दारात उभ्या राहून आल्या. "एक अभ्यास करत नाही कारण मिळालं, दुसरी करत नाही कारण मिळालं नाही," त्या चपलेतला पाय बदलत म्हणाल्या. "वाट लागली दोघींची."

जानेवारीत प्रिलिमचा निकाल लागला. गार्गीला अठ्ठावन्न टक्के. माझी झोप उडाली. बाईंनी मात्र फक्त वाटी या हातातून त्या हातात घेतली. "गार्गी, एकच प्रश्न. ॲल्डिहाइड आणि कीटोन वेगळे कसे ओळखशील?"

एकाचे पाच झाले, पाचाचे पंधरा. गार्गी दारात स्टूल टाकून बसायची, बाई उभ्याच. येणारे-जाणारे जिन्यात थबकून टॉलेन्स टेस्ट ऐकायचे.

एक दिवस गार्गीचा तोल सुटला. "बाई, ॲडमिशन माझं आहे ना? गेलं तर माझं जाईल! तुम्हाला काय करायचंय?"

बाई वाटी पहिल्यांदाच खरोखर आमच्या हातात देऊन गेल्या.

तीन दिवस बेल वाजली नाही. साडेसहा वाजले की मी उगाच दार उघडून बघायचो आणि बायको मला ओरडायची. चौथ्या दिवशी गार्गी ती वाटी आणि पुस्तक घेऊन वर गेली. मी जिन्यात कान देऊन उभा होतो, हे कबूल करतो.

"बसत नाही बाई. एकच प्रश्न आहे," गार्गी म्हणाली.

मग बाईंचा आवाज, थेट वेंगुर्ल्याचा, "चेडवा, पुस्तक उलटा धरलंस गो."

मे महिन्यात निकाल लागला. अठ्ठ्याहत्तर टक्के. रियालाही बारावीला चांगले मार्क मिळाले. बाईंनी हक्काचा पेढा मागून घेतला आणि उभ्यानेच खाल्ला.

गार्गी निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई आल्या आणि तोंडातून "बसत नाही हं" आलंच नाही. त्यांनी दोन्ही चपला काढल्या, आत आल्या, हातातली वाटी टीपॉयवर ठेवली आणि हॉलमधल्या खुर्चीत बसल्या. आम्ही तिघं उभे राहून बघतच राहिलो. भरलेल्या बॅगांकडे पाहत बाई वीस मिनिटं बसून राहिल्या. मला ते बघवेना.

"बाई, बरं वाटतंय ना?" बायकोने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" बाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणाकडे बसलं ना, की उठवत नाही हो. वर जाऊन कुलूप आपणच उघडायचं असतं. म्हणून मी आपली दारातूनच..."

गार्गीला पास करून इतक्या लांब पाठवण्यासाठी चार महिने ही बाई आमच्या दारात उभी होती, आणि तिच्या जाण्याने सगळ्यात रिकामी संध्याकाळ हिचीच होणार होती.

बाई उठल्या, चपला घातल्या. गार्गी दारात आडवी उभी राहिली.

"बाई, एकच प्रश्न. मी गेल्यावरही येणार ना इथे?"

बाईंनी पदराने चष्मा पुसला. "येईन की. वाटी न्यायची आहे ना माझी."

वाटी आमची होती. आम्ही ती टीपॉयवर तशीच राहू दिली.