टेकाडावरची चार अंडी

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी काल जगबुडीचा निरोप स्वतः न वाचताच दहा जणांना पाठवला. नाव घेत नाही. मान खाली घालू नका, नुसतं ऐका.

एका जंगलात तळ्याकाठी एक टिटवी राहायची. दरवर्षी ती काठावर अंडी घालायची आणि दरवर्षी रानडुकरं ती तुडवायची. यंदा ती शहाणी झाली. टेकाडावर चढली आणि तिथे चार अंडी घातली.

आता त्या जंगलात टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस ओळखायची जुनी रीत होती. अंडी खाली, तर पाऊस कमी. अंडी वर, तर जास्त. टेकाडावर अंडी मात्र कुणी कधीच पाहिली नव्हती. दुपारपर्यंत महापुराची बोलवा झाली, संध्याकाळपर्यंत प्रलयाची.

टिटवीने ज्याला त्याला रानडुकरांचं कारण सांगितलं. रानडुकरांनीही ते कबूल केलं. पण डुकरांवर भाषण करता येत नाही. प्रलयावर येतं.

ते तरसाने केलं. प्रलय आपोआप येत नाहीये, तो म्हणाला, दूरदेशीचे हत्ती तो आणताहेत. मग सगळ्या जंगलांवर एकच सरकार बसेल. सगळ्यांना एकच आरोळी, प्रत्येकाच्या शेपटीवर आकडा. हे टाळायचं तर आजपासून सगळ्यांनी एका मंडळाखाली यायचं आणि एकच आरोळी द्यायची. ओळख पटावी म्हणून शेपटीवर आकडा. अध्यक्ष अर्थात तरस.

“मग ह्यात आणि त्यात फरक काय, तरसदादा?” टिटवीने विचारलं.

“ते परक्यांचं, बाई. हे आपलं.”

सगळ्यांनी पाठ फिरवून शेपट्या पुढे केल्या.

टिटवीची अंडी मंडळाचा पुरावा ठरली. पुराव्याला कुणी शिवायचं नाही, म्हणून साळिंदराचा पहारा बसला. अंडी गार पडताहेत, घटकाभर बसू दे, अशी टिटवी दिवसभर विनवणी करायची. साळिंदर वाईट नव्हतं. अर्ज कर, म्हणालं. अर्जात ‘प्रलय येणार हे मला मान्य आहे’ अशी ओळ होती. टिटवीने ती खोडली. अर्ज परत आला.

पावसाळा आला, पाऊस बेताचा पडून गेला. तळं काठापर्यंतसुद्धा भरलं नाही. अंडी केव्हाच निर्जीव झाली होती. सभेत ठराव झाला: मंडळाने प्रलय परतवला, सबब मंडळ कायम राहील.

तात्पर्य: पहारा उठवून घरी निघालेलं साळिंदर टिटवीला म्हणालं, तेच. “मान्य आहे म्हणून टाकायचं होतंस गं. प्रलय काही आला नसताच, पण पिल्लं तरी निघाली असती.”